तेरा नंबर

मेडिकल चौकातल्या आमच्या दुकानात
दर दुसऱ्या मंगळवारी गभने काका यायचे.
कानाच्या मशीनचे सहा सेल, तेरा नंबर,
पाठीवर नारिंगी स्टिकर.
"संत्र्याचं सालटं," म्हणायचे त्याला,
आणि सोलायचेही तसेच, नखाने, एका दमात.

सालटं निघालं की सेल श्वास घेतो.
खरंच घेतो. पोटात जस्त,
वर सुईच्या टोकाएवढी भोकं, त्यातून हवा आत शिरते.
मी सांगते, एक मिनिट थांबा, मग कानात घाला.
एकदा सुरू झालं की झालं,
स्टिकर परत चिकटवून काही थांबत नाही.
कानात ठेवा नाहीतर डबीत,
आमचा मे महिना त्याला सुकवतोच.

काका छत्तीस वर्षं कोराडीला होते,
टर्बाइनच्या मजल्यावर.
गावभर कूलर फिरत राहिले
आणि इकडे त्यांचे कान गेले.
"वीज काई भरून ठेवता येत नाई, मॅडम,
तयार झाली का धाडाच लागते.
अन् आता पाहा, मीच डबीतली इकत घेऊन राहिलो."
हसले. जरा जास्तच मोठ्याने.

यंदा मुलीने पुण्याहून चार्जिंगचं मशीन पाठवलं.
पांढरी डबी, हिरवा दिवा.
काउंटरवर ठेवून म्हणाले, हे सांगा समजावून.
मी सांगितलं:
यातलं सगळं उलटं फिरवता येतं.
दिवसभर जे कण इकडून तिकडे गेले
त्यांना वीज परत घरी आणून सोडते,
शेकडो वेळा.
दर खेपेला थोडे वाटेतच राहतात,
म्हणून काही वर्षांनी हाही थकतो,
पण थकत थकत थकतो.
तुमचा जुना शेवटच्या घटकेपर्यंत ताठ,
आणि मग वाक्याच्या मधेच गप.

"किती घंटे लावा लागते?"
चार. रात्री झोपताना लावून द्यायचं.
"मंग रात्री कान कोन देईन?"

मला आधी कळलंच नाही.
पार्बता काकूंची उजवी बाजू दोन वर्षांपासून गेलेली.
हाक फुटत नाही.
उशाशी स्टीलचा गिलास, डाव्या हातात चमचा.
"दोनदा वाजवलं का पानी.
तीनदा वाजवलं का कूस."

पत्रकात लिहिलं होतं, रात्रभर चार्ज करा.
वर एका झोपलेल्या जोडप्याचा फोटो,
दोघंही गोरी, दोघंही धडधाकट.
मी पत्रक उलटं ठेवलं.

आता ते दुपारी एकला मशीन लावतात,
शेजारची रेशमा तेवढा वेळ काकूंजवळ बसते.
चार तास त्यांच्या कानात काहीच नसतं,
म्हणजे मला तसं वाटलं होतं.
"नाई जी, टर्बाइन असते," ते म्हणाले,
"अजूनई फिरूनच राहिली आहे.
तिले काई चार्जिंग लागत नाई."

मंगळवारचं गिऱ्हाईक गेलं, असं मी धरून चालले होते.
पण काल आलेच. तेच पाकीट, तेरा नंबर.
आता कशाला, काका?
"लाईन गेली तं?"
त्यांनी ते उन्हाकडे धरून तारीख वाचली.
न सोललेला सेल तीन वर्षं वाट पाहू शकतो
हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं.
"हे फोडाचं नाई. गिलासाजवळ ठेवाचं."

मग खिशातून आगपेटी काढली,
वापरलेले सेल काउंटरवर ओतले.
नव्यापेक्षा हे किंचित जड असतात, मी म्हटलं,
इतके दिवस हवा पीत होते ना.
काकांनी एक उचलून तळव्यावर तोलला.
"हाव?"
बराच वेळ तोलत राहिले.
मग पैसे मोजले आणि
बाहेर जाताना दार, रोजच्यासारखं,
जोरात आपटलं.